माणसे पुष्कळ, बाजार केवढा?

‘इमर्जिंग मार्केट्स’ हे नाव अर्थशास्त्राच्या ग्रंथातून आलेले नाही. ते एका विक्रेत्याच्या अडचणीतून निघाले. जागतिक बँक समूहातील इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनचे अर्थतज्ज्ञ आंत्वान व्हॅन अ‍ॅग्टमाइल १९८१ मध्ये विकसनशील देशांच्या शेअर बाजारांत पैसा गुंतवणाऱ्या फंडाची कल्पना घेऊन न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदारांपुढे गेले होते. फंडाच्या नावात ‘तिसरे जग’ होते. कल्पना चांगली आहे, पण या नावाने ती खपणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. मग दारिद्र्याची आठवण करून देणारा शब्द गेला आणि उगवतीचा आला. मराठीत त्यालाच ‘उदयोन्मुख’ हे भारदस्त रूप मिळाले. वीस वर्षांनी, २००१ मध्ये, गोल्डमन सॅक्सचे जिम ओनील यांनी ब्राझील, रशिया, इंडिया आणि चायना यांची आद्याक्षरे जुळवून ‘ब्रिक’ केले. गुंतवणूकदारांसाठी लिहिलेल्या टिपणातला हा शब्द २००९ मध्ये येकातेरिनबुर्ग येथे चार देशांच्या नेत्यांच्या शिखर परिषदेपर्यंत पोहोचला. पुढे दक्षिण आफ्रिका आली, अलीकडे इजिप्त, इथिओपिया, इराण, संयुक्त अरब अमिराती आणि इंडोनेशियाही. विक्रीसाठी काढलेल्या नावाचे राष्ट्रांच्या गटात रूपांतर झाल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

या नावाबरोबर आशाही विकली जाते, आणि तिचा उगम डोकी मोजण्यात आहे. भारत आणि चीन प्रत्येकी १४० कोटींच्या पुढे, इंडोनेशिया सुमारे २८ कोटी, नायजेरिया आणि ब्राझील २० कोटींच्या वर. प्रत्येकाने वर्षाला एक नग घेतला तरी, असा हिशेब मांडायला कागदाची एक बाजू पुरते. पण २०२४ च्या सुमारास दरडोई वार्षिक उत्पन्न चीनमध्ये साधारण १३ हजार डॉलर, ब्राझीलमध्ये १० हजार आणि भारतात २,७०० डॉलर होते. एकाच पिशवीत घातलेल्या या देशांत एवढे अंतर आहे. देशाच्या आतले अंतर त्याहून मोठे आहे, आणि सरासरीच्या आकड्यात ते दिसत नाही.

डोकी मोजून आलेल्यांना पहिला धडा बहुधा जेवणाच्या ताटाने दिला. केलॉग कंपनी १९९४ मध्ये भारतात आली, तळोज्याला कारखाना उभा राहिला आणि कोट्यवधी मध्यमवर्गीय घरांची न्याहारी आता बदलणार असे मानले गेले. घराघरांत सकाळी पोहे, उपमा, पराठा, इडली असे काहीतरी गरम होत होते. दूधही तापवून प्यायची सवय होती. थंड दुधात कुरकुरीत राहण्यासाठी केलेले कॉर्नफ्लेक्स गरम दुधात पडले की लगेच मऊ होऊन जात. पहिल्या उत्सुकतेची खरेदी ओसरल्यावर विक्री मंदावली. कंपनी टिकली, पण सवयी बदलायला तिला कित्येक वर्षे द्यावी लागली. कंपनीने मोजलेली घरे खरी होती, पण तिने गृहीत धरलेला ग्राहक त्यांत थोडाच होता.

ग्राहक वेगळ्या ठिकाणी होता, हे आधी देशी माणसांनी ओळखले. तामिळनाडूतील कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शॅम्पू पुडीत भरला आणि त्यांच्या मुलांनी १९८० च्या दशकात त्याचा धंदा देशभर नेला. शॅम्पूच्या बाटलीला लागणारे पैसे एकदम हाती नसलेल्या, पण रुपया-अर्धा रुपया सहज खर्चणाऱ्या घरांत ही पुडी पोहोचली. मोठ्या कंपन्या मागाहून त्याच वाटेने आल्या. गुजरातमध्ये करसनभाई पटेल यांनी १९६९ पासून निरमा पावडर अशाच घरांत खपवली, आणि तोवर वरच्या थराकडे पाहणाऱ्या हिंदुस्तान लिव्हरला ‘व्हील’ काढून खाली उतरावे लागले. सी. के. प्रल्हाद यांनी २००४ मध्ये उत्पन्नाच्या पिरॅमिडच्या तळाशी संपत्ती असल्याचा सिद्धांत पुस्तकरूपाने मांडला, तो अशाच अनुभवांच्या आधारे. अनिल कर्णानी यांनी त्याला मृगजळ म्हटले. गरिबांकडे पैसा थोडा असतो, तो बहुतेक पोटापाण्यावर जातो आणि पुडीमुळे वस्तू स्वस्त होत नाही, फक्त एका वेळी थोडी घेता येते, हा त्यांचा आक्षेप बिनतोड आहे. तरीही पुडीने एक गोष्ट सिद्ध केली. रोजंदारीवर जगणाऱ्या घराची अडचण किमतीइतकीच पैसा हाती येण्याच्या वेळेची असते.

हीच वेळेची अडचण ब्राझीलमध्ये एका निर्वासिताने ओळखली. पोलंडमधील ज्यू कुटुंबात जन्मलेले, नाझींच्या छळछावणीतून वाचलेले सॅम्युएल क्लाइन १९५२ मध्ये ब्राझीलला आले आणि साओ पावलोजवळच्या साओ काएतानो दो सुल या औद्योगिक गावात दारोदार चादरी-कापड विकू लागले. गिऱ्हाइके म्हणजे देशाच्या गरीब ईशान्येकडून, बाहिया वगैरे प्रांतांतून पोट भरायला आलेले मजूर. १९५७ मध्ये दुकान घेतल्यावर त्यांनी त्याला गिऱ्हाइकांच्याच प्रांताचे नाव दिले. हीच पुढची कासास बाहिया. मिळकतीचा कागद नसलेल्या माणसाला बँक दारातही उभी करत नव्हती. क्लाइन त्याच्याशी चार गोष्टी बोलून त्याला फ्रीज किंवा पलंग हप्त्याने देत. हप्त्यांचे पुस्तक हाती यायचे आणि दर महिन्याला पैसे भरायला गिऱ्हाईक दुकानातच यायचे. जुना हप्ता भरताना नवी वस्तू नजरेस पडे. पेपरातल्या जाहिरातीत पाहिले तर हे दुकान फर्निचर आणि विजेच्या उपकरणांचे. चोपडीत पाहिले तर ती सावकारी होती, आणि नफा चोपडीत होता.

उदयोन्मुख बाजारांच्या अभ्यासात क्लाइन यांनी भरून काढली तशा उणिवेला तरुण खन्ना आणि कृष्णा पलेपू यांनी ‘संस्थात्मक पोकळी’ हे नाव दिले. विक्रेता आणि ग्राहक यांच्यामध्ये प्रगत देशांत जे आधीच उभे असते, म्हणजे पतमापन, शीतगृहे, खात्रीची वीज, वेळेत निकाल देणारे न्यायालय, विश्वासार्ह लेखापरीक्षण, ते इथे अर्धवट असते किंवा नसतेच. बाहेरून आलेल्याला ती अडचण वाटते. ज्याने पोकळी स्वतः भरली, त्याच्यासाठी तीच कुंपण बनते, कारण मागून येणाऱ्यालाही तेवढाच खर्च करून आत शिरावे लागते.

नायजेरियातील तोलाराम समूहाचा अनुभव याचा सर्वांत ठळक पुरावा आहे. मूळ इंडोनेशियात धंदा सुरू केलेल्या सिंधी कुटुंबाचा हा समूह १९८८ मध्ये लष्करी राजवटीखालच्या नायजेरियात ‘इंडोमी’ नूडल्स आणू लागला. त्या देशात नूडल्स हा पदार्थच ओळखीचा नव्हता. १९९५ मध्ये तिथे कारखाना सुरू झाला आणि मग एकेक गोष्ट हाती घ्यावी लागली: वीज स्वतःची, वेष्टणाचा कारखाना स्वतःचा, पामतेल आणि पीठ स्वतःचे, मालवाहू ट्रक स्वतःचे. नायजेरियाचे राष्ट्रीय वीजजाळे वीस कोटींहून अधिक लोकांना जेमतेम चार-पाच हजार मेगावॉट देते. महाराष्ट्राची उन्हाळ्यातील कमाल मागणी एकटीच २५ हजार मेगावॉटच्या पुढे जाते. समूहाचा हात शेवटी लागोसजवळच्या लेकी खोल समुद्री बंदरापर्यंत पोहोचला. चिनी कंपनीसोबत उभे राहिलेले हे बंदर २०२३ मध्ये सुरू झाले. नूडल्सच्या पाकिटापासून बंदरापर्यंतचा हा प्रवास हौसेचा नव्हता. मधले दुवे कोणी बांधले नव्हते, एवढेच त्याचे कारण.

मॅकडोनाल्ड्सलाही हे दोनदा करावे लागले. मॉस्कोच्या पुश्किन चौकात ३१ जानेवारी १९९० रोजी पहिले दुकान उघडले, तेव्हा सोव्हिएत व्यवस्थेत हव्या त्या प्रतीचा बटाटाही मिळत नव्हता. म्हणून शहराबाहेर स्वतःचे प्रक्रिया केंद्र उभारून बटाट्याच्या लागवडीपासून सुरुवात झाली. भारतात १९९६ मध्ये पहिले दुकान उघडण्यापूर्वी काही वर्षे केवळ पुरवठादार घडवण्यात गेली. आइसबर्ग लेट्यूस तळेगाव भागात पिकू लागला, चीज बारामतीच्या डेअरीतून येऊ लागले आणि शेतापासून दुकानापर्यंत माल थंड ठेवणारी साखळी तयार झाली. गोमांस आणि डुकराचे मांस वगळून बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर केला, याची चर्चा खूप झाली. त्यामागच्या थंड ट्रकची कोणी केली नाही. खरा खर्च मात्र तिथे होता.

सरकारी नियमांची पोकळी मात्र अशी भरता येत नाही. तिथे बहुधा नियम कमी नसतात, जास्त असतात. ब्राझीलमध्ये ‘कुस्तो ब्राझील’, म्हणजे ब्राझीलमध्ये असण्याचा खर्च, हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. वस्तू व सेवांवर केंद्राचे कर, २६ राज्ये आणि राजधानी जिल्हा यांचे वेगवेगळ्या दरांचे विक्रीकर आणि वर नगरपालिकांचे सेवाकर. जागतिक बँकेच्या २०२० च्या अहवालानुसार मध्यम आकाराच्या कंपनीला तिथे कर भरण्याच्या कामात वर्षाला १,५०१ तास लागत. श्रीमंत देशांची सरासरी १६० तासांच्या आत होती. डिसेंबर २०२३ मध्ये घटनादुरुस्ती करून हे कर एकत्र आणायचे ठरले, पण संक्रमण २०३३ पर्यंत चालणार आहे. भारताने हाच डोंगर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लावून ओलांडला. दर अनेक राहिले आणि सुरुवातीच्या महिन्यांत संगणकप्रणाली वारंवार बंद पडली, तरी राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकर नाके उठले आणि ट्रकच्या रांगा कमी झाल्या. गोदाम कुठे बांधायचे हे करावरून न ठरता अंतरावरून ठरू लागले, हा या कराचा सर्वांत कमी चर्चिलेला परिणाम.

कर जाचक असला तरी त्याचा हिशेब आधी करता येतो. ज्या नियमावर विसंबून पैसा घातला तोच नंतर बदलला, तर काय, हा प्रश्न अधिक अवघड. महाराष्ट्राने त्याचे उत्तर गुहागर तालुक्यात पाहिले. जून १९९२ मध्ये अमेरिकेची एन्रॉन कंपनी आणि राज्य वीज मंडळ यांच्यात तिथल्या दाभोळ वीजप्रकल्पाचा प्राथमिक करार झाला. उदारीकरणाला जेमतेम वर्ष झाले होते, विजेची टंचाई होती आणि परकीय भांडवल येते आहे हे दाखवण्याची घाई होती. जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नसल्याचे सांगून कर्ज नाकारले. तरी डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला, राज्याची हमी आणि त्यावर केंद्राची प्रतिहमी मिळाली. १९९५ च्या निवडणुकीत हा प्रकल्प प्रचाराचा मुद्दा झाला. सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप सरकारने ऑगस्टमध्ये तो रद्द केला आणि काही महिन्यांत फेरवाटाघाटी करून पुन्हा मान्य केला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला.

कराराची खरी ताकद आणि खरा दोष त्याच्या बारीक कलमांत होता. मंडळाने वीज घेतली नाही तरी क्षमतेचा आकार भरायचा. इंधन नाफ्था, त्याचा भाव तेलाबरोबर चढणारा. आणि देण्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये तो ४७ च्या आसपास गेला. राज्यात मागणी अंदाजाइतकी वाढली नाही, चोरी आणि वसुलीच्या दुखण्याने मंडळ आधीच तोट्यात होते. कागदावर कंपनीच्या सगळ्या जोखमी दुसऱ्याच्या गळ्यात होत्या. पण ज्याच्या गळ्यात त्या होत्या, त्याच्याकडे पैसेच नव्हते. माधव गोडबोले समितीने २००१ मध्ये या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले, मे अखेर मंडळाने वीज घेणे थांबवले आणि डिसेंबरमध्ये खुद्द एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. जवळजवळ पूर्ण झालेला दुसरा टप्पा तसाच उभा राहिला. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने नवी कंपनी काढून प्रकल्प हाती घेण्यात आला. परदेशी कंपनीला फसवले की तिने फसवले, यावर कोकणात अजूनही दोन्ही बाजूंनी वाद घालणारे भेटतात. धंद्याच्या दृष्टीने मात्र मुद्दा वेगळा आहे. दुसऱ्या पक्षाला न झेपणारा करार कितीही पक्का असो, तो त्याच्या ऐपतीइतकाच पक्का राहतो.

व्होडाफोनच्या प्रकरणात करार खासगी होता आणि नियम सरकारने बदलला. २००७ मध्ये कंपनीने हचिसनचा भारतातील मोबाइल व्यवसाय सुमारे ११ अब्ज डॉलरना परदेशातच विकत घेतला. त्यावर मागितलेला कर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये चुकीचा ठरवला; त्याच वर्षी संसदेने पूर्वलक्षी प्रभावाने कायदा बदलला. आंतरराष्ट्रीय लवादाने २०२० मध्ये कंपनीच्या बाजूने कौल दिला आणि २०२१ मध्ये सरकारने ती तरतूद मागे घेतली. या चौदा वर्षांत न्यायालय स्वतंत्र असल्याचे आणि न्यायालयाने प्रश्न संपत नसल्याचे, दोन्ही एकाच वेळी सिद्ध झाले.

चलनाचा धोका भारतीय कंपन्यांनाही चुकलेला नाही. पुण्याच्या बजाज ऑटोची बॉक्सर मोटारसायकल नायजेरियात ‘ओकाडा’ म्हणून भाड्याने प्रवासी नेणाऱ्यांच्या पोटापाण्याचे साधन आहे आणि हा देश कंपनीच्या निर्यातीतील सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक. लागोस राज्याने शहराच्या काही भागांत ओकाडावर बंदी घातली, तो एक फटका. जून २०२३ मध्ये नायजेरियाने चलनाचा दर मोकळा सोडला. डॉलरला ४७० नायराच्या आसपास असलेला भाव वर्षाच्या आत दीड हजाराच्या घरात गेला. आकुर्डीत बसून गाडीत काहीही सुधारणा केली तरी लागोसच्या चालकासाठी ती जवळजवळ तिप्पट महाग झालेली होती.

चीनचे प्रकरण या सगळ्यांत निराळे, कारण तिथे पोकळी भरण्याचे काम परदेशी पाहुण्यांकडून ठरवून करून घेतले गेले. फोक्सवागनने १९८४ मध्ये शांघायमध्ये भागीदारीचा करार केला. परदेशी मोटार कंपनीला निम्म्याहून अधिक मालकी न देण्याचे धोरण प्रवासी गाड्यांसाठी २०२२ पर्यंत टिकले. बाजार हवा असेल तर देशी भागीदाराला हाताशी घेऊन शिकवा, असा तो व्यवहार होता. कंपन्यांनी अनेक वर्षे भरपूर कमावले आणि २०२३ मध्ये चीनमधील सर्वाधिक विक्रीचा ब्रँड म्हणून बीवायडीने फोक्सवागनची जागा घेतली. इंटरनेटवर हा पराभव लवकर झाला. ईबेने २००३ मध्ये ईचनेट ही चिनी साइट पूर्ण विकत घेतली. त्याच वर्षी अलिबाबाने ताओबाओ सुरू केले. ताओबाओने विक्रेत्याकडून शुल्क घेतले नाही, घासाघीस करायला गप्पांची सोय दिली आणि पाठोपाठ अलीपे आणले, ज्यात माल हाती पडेपर्यंत गिऱ्हाइकाचे पैसे मध्येच थांबत. अनोळखी माणसावर विश्वास टाकण्याची सोय देशात नव्हती, ती या मध्यस्थ खात्याने दिली. ईबेने २००६ मध्ये तिथले संकेतस्थळ गुंडाळले.

बाहेर पडणे हा धंद्याचा भाग आहे, पण प्रवेशाच्या कार्यक्रमात त्याचे नाव नसते. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबवली. तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी २०२० अखेरपर्यंत चालला. तो चीनच्या ग्रेट वॉलला विकण्याचे ठरले होते, पण शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली आणि सीमेवरच्या तणावात ती मिळाली नाही. कामगारांचा वाद न्यायालयात चालूच होता. अखेर २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला. फोर्डने २०२१ मध्ये ब्राझील आणि भारत या दोन्ही ठिकाणी उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. ब्राझीलमध्ये ती १९१९ पासून होती, आणि तिच्या कामासारीच्या जागेत आता बीवायडी आहे. रशियात तर २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर मॅकडोनाल्ड्सला आठशेहून अधिक दुकाने आणि बत्तीस वर्षांत घडवलेली पुरवठासाखळी एका स्थानिक परवानाधारकाला विकून यावे लागले. बटाट्याची लागवड, थंड ट्रक, शिकवलेली माणसे, यांतले काहीही बरोबर नेता येत नाही.

एवढी गुंतागुंत एका आकड्यात मावावी, असा प्रयत्न जागतिक बँकेने ‘डुइंग बिझनेस’ या क्रमवारीने केला. भारत २०१५ च्या अहवालात १४२ व्या क्रमांकावर होता, २०२० च्या अहवालात ६३ व्या. दहा कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशांत दोनच शहरे पाहिली जात, म्हणून भारताचा क्रमांक प्रत्यक्षात मुंबई आणि दिल्लीचा होता. सांगलीत शेड टाकणाऱ्याला किंवा चंद्रपुरात वीजजोडणी मागणाऱ्याला त्यात स्थान नव्हते. क्रमांक सुधारणे हेच धोरण होऊ लागले. पुढे चीन आणि सौदी अरेबियासह काही देशांच्या आकड्यांत फेरफार झाल्याचे उघड झाले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने हा अहवालच बंद केला.

गेल्या दहा वर्षांत पोकळी भरण्याचे काम काही देशांत राज्यसंस्थेने स्वतः अंगावर घेतले आहे, आणि जुने हिशेब त्यामुळे विस्कटत आहेत. भारतात २०१६ पासून यूपीआय आहे. ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये ‘पिक्स’ सुरू केले. भाजीवाल्याच्या गाडीवरचा चौकोनी कोड आणि साओ पावलोच्या टपरीवरचा कोड यांत आता फारसा फरक राहिलेला नाही. प्रत्येक व्यवहाराची नोंद होत गेल्याने मिळकतीचा कागद नसलेल्याचीही पत दिसू लागली. २०१३ मध्ये सुरू झालेली नूबँक एकही शाखा न उघडता २०२४ पर्यंत ब्राझील, मेक्सिको आणि कोलंबिया मिळून दहा कोटी ग्राहकांपर्यंत पोहोचली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, चढे व्याजदर आणि ऑनलाइन दुकानांची स्पर्धा यांनी जेरीस आलेल्या कासास बाहियाने आपल्या कर्जाच्या फेररचनेसाठी धनकोंशी समझोत्याचा अर्ज केला.